एका नावाच्या दोन पलटणी

अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या काठावर, उंच कड्यांवर, व्हिक्सबर्ग नावाचे एक जुने शहर आहे. १८६३ च्या उन्हाळ्यात या शहराला ४७ दिवस वेढा पडला होता. आज तेथील रणभूमीचे राष्ट्रीय उद्यान झाले असून, ज्या ज्या राज्यांचे सैनिक तेथे लढले त्या त्या राज्यांनी आपापली स्मारके उभारली आहेत. कोणाचे स्मारक उत्तरेच्या सैनिकांचे, तर कोणाचे दक्षिणेच्या. मिसुरी राज्याचे स्मारक मात्र थांबून पाहावे असे आहे. १७ ऑक्टोबर १९१७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याची उंची ४२ फूट आहे आणि हा आकडा सहज आलेला नाही. व्हिक्सबर्गच्या मोहिमेत मिसुरीच्या एकूण ४२ तुकड्या लढल्या. त्यांतल्या २७ उत्तरेच्या संघसैन्यात होत्या आणि १५ दक्षिणेच्या फुटीर सैन्यात. एका तुकडीमागे एक फूट. एका अंगाला हल्ला करणारे मिसुरीकर, दुसऱ्या अंगाला बचाव करणारे मिसुरीकर, असे ब्राँझचे दोन देखावे त्यावर आहेत. ज्या जागी मिसुरीच्या दोन पलटणी एकमेकींवर तुटून पडल्या, त्याच जागी हे स्मारक उभे आहे.

एकाच राज्याने दोन शत्रुसैन्यांना पलटणी पुरवाव्यात आणि पुढे दोघांचेही स्मारक एकाच दगडात घडवावे, हे कसे झाले? ज्या शहरातून यांपैकी कित्येक पलटणी उभ्या राहिल्या, ते सेंट लुईस तर एका संतराजाच्या नावाचे, कॅथलिकांनी गजबजलेले शहर. तेव्हा या कहाणीत आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. तो वाटा गौरवाचा आहे, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही आहे.

हे युद्ध आपल्या पूर्वजांपासून अगदीच दूर नव्हते. १८६१ मध्ये ते पेटताच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच काळात, १८६४ साली, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात आणणारी बी. बी. सी. आय. रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईला पोहोचली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळून नामांकित पेढ्या बुडाल्या. ज्या कापसाने मुंबईत इमले चढवले आणि पाडले, तो अमेरिकेत गुलामांच्या घामावर पिकत होता. त्या युद्धाच्या मुळाशी ही गुलामगिरीच होती.

मिसुरी १८२१ मध्ये संघराज्यात सामील झाले ते गुलामगिरीला मुभा असलेले राज्य म्हणून. १८६० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ११,८२,०१२ भरली. त्यांतील १,१४,९३१ माणसे गुलाम होती. म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा. मिसुरी नदीच्या काठच्या सुपीक पट्ट्यात तंबाखू आणि ताग पिकवणारे जमीनमालक मूळचे व्हर्जिनिया आणि केंटकीचे. त्यांचे मन दक्षिणेकडे ओढ घेई. सेंट लुईस शहराचा तोंडवळा निराळा होता. तेथील निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले होते. जर्मनीतील १८४८ ची क्रांती फसल्यावर परागंदा झालेले जर्मन आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश, असे दोन मोठे समाज तेथे नांदत होते. जर्मन बहुतांशी गुलामगिरीचे कट्टर विरोधक. आयरिश गरीब, कष्टकरी, धर्मनिष्ठ, आणि मनाने विभागलेले.

आणि आपली ख्रिस्तसभा? परमगुरुस्वामी सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ मध्ये एका पत्राद्वारे गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला होता. परंतु अमेरिकेतील बिशपांनी, हा निषेध समुद्रापार चालणाऱ्या व्यापारापुरता आहे, घरी बाळगलेल्या गुलामांना तो लागू नाही, असा सोयीचा अर्थ लावला. १८२३ मध्ये येशूसंघीय मिसुरीत आले, तेव्हा मेरीलँडहून सहा गुलाम स्त्री-पुरुष त्यांच्याबरोबर आणले गेले होते. सेंट लुईसच्याच न्यायालयात ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने १८४६ मध्ये आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला. तो अकरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल १८५७ मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी लिहिला. टॉनी हे त्या पदावर बसलेले पहिले कॅथलिक होते. स्वतःच्या वाट्याला आलेले गुलाम त्यांनी तरुणपणीच मुक्त केले होते. खाजगी आयुष्यात दाखवलेला दयाभाव त्यांना न्यायासनावर मात्र सुचला नाही. या निकालाने युद्धाची वाट आणखी सरळ करून दिली.

फूट पडलेले घर टिकत नाही, हे प्रभू येशूचे वचन लिंकन यांनी १८५८ च्या आपल्या भाषणात वापरले होते. मिसुरीच्या घरात ही फूट पडली, ती मात्र बहुमताने नव्हे. मार्च १८६१ मध्ये संघराज्यातून फुटावे की नाही हे ठरवण्यासाठी राज्याची परिषद भरली, तेव्हा फुटण्याच्या विरोधात ९८ मते पडली आणि बाजूने अवघे एक. या परिषदेचे अध्यक्ष होते स्टर्लिंग प्राइस. मेक्सिकोच्या युद्धात नाव मिळवलेले, राज्याचे माजी गव्हर्नर. मिसुरीला कोणाशीच लढायचे नव्हते. पण गव्हर्नर क्लेबॉर्न जॅक्सन यांचा ओढा दक्षिणेकडे होता आणि शहरातील शस्त्रागारावर दोन्ही पक्षांचा डोळा होता.

१० मे १८६१ रोजी ठिणगी पडली. जनरल डॅनियल फ्रॉस्ट यांच्या हाताखाली राज्याच्या मिलिशियाची छावणी शहराच्या कडेला पडली होती. संघसैन्याचे कॅप्टन नॅथॅनियल लायन यांनी, काँग्रेसचे सदस्य फ्रान्सिस ब्लेअर यांनी जमवलेल्या जर्मन स्वयंसेवकांसह, तिला वेढा घातला. एकही गोळी न झाडता सुमारे ६५० जण शरण आले. पण या कैद्यांना रस्त्याने नेत असताना बघ्यांच्या गर्दीतून शिव्याशाप, दगड आणि मग गोळी आली. सैनिकांनी उलट गोळीबार केला. सुमारे २८ माणसे मेली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. त्या गर्दीत विल्यम शर्मन नावाचा एक माजी अधिकारी आपल्या लहान मुलाला घेऊन उभा होता. गोळीबार सुरू होताच त्याने मुलाला छातीखाली धरून जमिनीवर अंग टाकले. ज्या मैदानावर ही छावणी पडली होती, तेथे आज येशूसंघीयांचे सेंट लुईस विद्यापीठ उभे आहे.

त्या एका दुपारने हजारोंचा निर्णय करून टाकला. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी ऐक्यासाठी मत दिले होते, त्यांतील कित्येकांनी आता राज्याच्या रक्षणासाठी बंदूक उचलली. त्यांत स्वतः स्टर्लिंग प्राइसही होते. फुटीविरुद्धच्या परिषदेचा अध्यक्ष दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या राज्यसेनेचा सेनापती झाला. दुसरीकडे जर्मन वस्त्यांतून पलटणींमागून पलटणी उभ्या राहिल्या. जुलै महिन्यात परिषदेने जॅक्सन यांना पदच्युत करून हॅमिल्टन गॅम्बल यांना गव्हर्नर नेमले. जॅक्सन यांनी ऑक्टोबरमध्ये निओशो गावी आपल्या उरल्यासुरल्या विधिमंडळाकडून फुटीचा ठराव करून घेतला. राज्य एक, सरकारे दोन. आणि दोन्ही राजधान्यांच्या संसदेत मिसुरीचे प्रतिनिधी बसलेले.

तसेच पलटणींचेही झाले. संघसैन्यात ‘पहिली मिसुरी’ होती, दक्षिणेच्या सैन्यातही ‘पहिली मिसुरी’ होती. इकडे सहावी मिसुरी, तिकडेही सहावी मिसुरी. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,०९,००० मिसुरीकर उत्तरेकडून लढले आणि तीस ते चाळीस हजार दक्षिणेकडून. १० ऑगस्ट १८६१ रोजी विल्सन्स क्रीक येथे पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा गणवेशांचाही धड मेळ नव्हता. समोरून येणाऱ्या करड्या कपड्यांतील लुइझियानाच्या पलटणीला संघसैन्यातील जर्मन मिसुरीकरांनी आपलीच आयोवाची पलटण समजून जवळ येऊ दिले आणि त्यांची दाणादाण उडाली. त्या लढाईत लायन मारले गेले.

या फुटीतून आपला समाज कसा सुटावा? सेंट लुईसमध्ये सेंट जॉन हे आयरिश लोकांचे एक चर्च होते. त्याच्या उभारणीत ज्यांनी जीव ओतला, ते तरुण धर्मगुरू फादर जॉन बॅनन. जन्म १८२९, आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात; १८५३ मध्ये मेनूथ येथे गुरुदीक्षा, आणि लगेच मिसुरीत मिशनकार्य. ते मिलिशियाचे चॅप्लेन होते. छावणी उठली, त्यांच्या ओळखीची मुले दक्षिणेच्या सैन्यात गेली आणि डिसेंबर १८६१ मध्ये एका रात्री फादर शहर सोडून त्यांच्यामागे निघाले. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ ते मिसुरीच्या ब्रिगेडबरोबर राहिले. चॅप्लेनने लढाईच्या वेळी मागे, जखमींपाशी थांबावे असा रिवाज होता. फादर बॅनन मात्र आघाडीवर जात, रांगेतल्या सैनिकांची पापनिवेदने ऐकत, पडलेल्यांना तेथेच अंत्यलेपन करीत.

परंतु सेंट लुईसचे आयरिश काही सगळे तिकडे गेले नव्हते. त्याच शहरातून संघसैन्याची सातवी मिसुरी उभी राहिली. तीत आयरिशांचा भरणा इतका की तिचे नावच ‘आयरिश सातवी’ पडले. तिच्या राष्ट्रध्वजासोबत आयर्लंडचा हिरवा ध्वजही फडके. दक्षिणेच्या पाचव्या मिसुरीतही आयरिशांची एक कंपनी होती. तिचा कॅप्टन पॅट्रिक कॅनिफ हा सेंट लुईसमधील खोगिरे करणारा कारागीर. एकाच शहरात राहून, एकाच लॅटिन मिस्सेला गुडघे टेकणारी ही माणसे आता एकमेकांवर नेम धरणार होती. ऑक्टोबर १८६२ मध्ये कॉरिंथच्या लढाईत फादर बॅनन यांनी ज्या मिसुरीकरांना पापमुक्ती दिली, ते ज्याच्या तोफांवर चालून गेले तो समोरचा सेनापती होता जनरल रोझक्रान्स; धर्मांतर करून आलेला, अत्यंत भाविक कॅथलिक, ज्याचा सख्खा भाऊ बिशप होता. एकाच वेदीवरून दोन्ही बाजू देवाला साकडे घालत होत्या.

सेंट लुईसचे आर्चबिशप पीटर केनरिक यांनी जाहीरपणे कोणतीच बाजू घेतली नाही. त्यांचे सख्खे बंधू फ्रान्सिस केनरिक हे मेरीलँडमध्ये बाल्टिमोरचे आर्चबिशप होते, आणि मेरीलँडही असेच दुभंगलेले राज्य. आपल्या कळपाची दोन्ही अंगे सांभाळण्यासाठी मौन हाच मार्ग त्यांना दिसला असावा. त्या मौनामुळे चर्चची दारे दोन्ही बाजूंना उघडी राहिली, हे खरे. पण त्या मौनात गुलामाची बाजूही कोणी बोलले नाही, हेही खरेच.

१८६३ च्या मे महिन्यात जनरल ग्रँट यांचे संघसैन्य व्हिक्सबर्गच्या रोखाने निघाले. स्वतः ग्रँट काही वर्षांपूर्वी सेंट लुईसजवळ शेती करीत होते. त्यांची सासुरवाडी तेथलीच आणि गुलाम बाळगणारी. समोर दक्षिणेच्या सैन्यातील मिसुरीकरांचे सेनापती होते जॉन बोवेन; सेंट लुईसमधील वास्तुविशारद आणि ग्रँट यांचे एकेकाळचे शेजारी. १८६१ च्या त्या छावणीत पकडल्या गेलेल्यांत तेही होते. १६ मे रोजी चॅम्पियन हिलच्या टेकडीवर बोवेन यांच्या मिसुरी ब्रिगेडने, कर्नल फ्रान्सिस कॉक्रेल यांच्या नेतृत्वाखाली, संघसैन्याची फळी मागे रेटली. ती फळी सावरायला ज्या ताज्या पलटणी धावत आल्या, त्यांत संघसैन्याची दहावी मिसुरी आणि सव्विसावी मिसुरी होती.

मग वेढा पडला. २२ मे रोजी ग्रँट यांनी सर्व आघाड्यांवर एकदम हल्ला चढवला. ईशान्येकडील एका बुरुजावर दीडशे स्वयंसेवकांची तुकडी शिड्या आणि लाकडी ओंडके घेऊन पुढे धावली. ती पाठवणारे सेनापती होते शर्मन, म्हणजे गर्दीत मुलाला छातीखाली धरणारे तेच शर्मन. आणि डिव्हिजन होती ब्लेअर यांची, म्हणजे सेंट लुईसचे तेच काँग्रेस सदस्य. त्या तुकडीचा ध्वज आठव्या मिसुरीच्या हॉवेल ट्रॉग्डन नावाच्या साध्या शिपायाच्या हाती होता. बुरुजाच्या बचावाला उभ्या केलेल्यांत कॉक्रेल यांचे मिसुरीकर होते. हल्ला फसला. त्याच दिवशी दुसऱ्या एका बुरुजावर ‘आयरिश सातवी’ आपला हिरवा ध्वज घेऊन चढली. शिड्या आखूड पडल्या आणि खंदकातच माणसे टिपली गेली.

मृतदेह आणि जखमी दोन्ही फळ्यांच्या मधल्या उतारावर कडक उन्हात पडून राहिले. तीन दिवसांनी, २५ मे च्या संध्याकाळी, त्यांना पुरण्यासाठी अडीच तासांचा तह झाला. पांढरी निशाणे वर चढली आणि दोन्हीकडचे सैनिक खंदकांतून बाहेर आले. मिसुरीच्या माणसांनी आपापल्या नावाने, गावाच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. जुने शेजारी भेटले, नातलग भेटले. घरची ख्यालीखुशाली विचारली गेली, तंबाखूची आणि कॉफीची देवाणघेवाण झाली. वेळ संपली तशी माणसे आपापल्या खंदकात परतली आणि बंदुका पुन्हा सुरू झाल्या. युद्धाच्या इतिहासात शौर्याची पाने पुष्कळ असतात. पण शेजाऱ्याला ओळखल्यानंतरही त्याच्यावर गोळी झाडावी लागणे, याला काय नाव द्यावे?

२५ जून रोजी एका बुरुजाखाली सुरुंग उडवला गेला. ते खिंडार रोखताना दक्षिणेच्या सहाव्या मिसुरीचे कर्नल यूजीन अर्विन मारले गेले. हेन्री क्ले यांचे ते नातू. मिसुरीला संघराज्यात आणणारी तडजोड १८२० च्या दशकाच्या तोंडावर ज्या मुत्सद्द्याने घडवून आणली, तेच हे क्ले. आजोबांनी जोडलेले घर तोडणाऱ्या युद्धात नातू कामी आला. शहरात अन्न संपत आले होते. लोक कड्यांत गुहा खोदून राहत होते, सैनिक वाटाण्याच्या पिठाची भाकर आणि खेचराचे मांस खात होते. ३ जुलैला पांढरे निशाण घेऊन ग्रँट यांच्याकडे कोणाला पाठवावे, हा प्रश्न आला तेव्हा त्यांचे जुने शेजारी बोवेन यांनाच पाठवले गेले. ४ जुलैला शहर शरण गेले. सुमारे २९,५०० सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. बोवेन यांना हगवण लागली होती. १३ जुलैला त्यांचा अंत झाला.

ज्या ब्रिगेडने मिसुरीच्या रक्षणासाठी शस्त्र धरले, ती एप्रिल १८६२ मध्ये मिसिसिपी ओलांडून गेल्यावर आपल्या राज्यात लढायला कधीच परतली नाही. ३० नोव्हेंबर १८६४ रोजी टेनेसीतील फ्रँकलिनच्या रणांगणात तिचे ६९६ जण उतरले. त्यांतील ४१९ मेले, जखमी झाले किंवा हरवले. कॅप्टन कॅनिफ तेथेच पडले. त्याच रणांगणावर समोर संघसैन्याची चव्वेचाळिसावी मिसुरी होती.

इकडे घरी याहून वाईट चालले होते. रणांगणावर निदान ध्वज होते, तह होते. मिसुरीच्या खेड्यांत आणि कॅन्ससच्या सीमेवर टोळ्यांचे युद्ध माजले. ऑगस्ट १८६३ मध्ये क्वांट्रिलच्या टोळीने कॅन्ससमधील लॉरेन्स गावात शिरून दीडशेहून अधिक पुरुष आणि मुले ठार केली. त्याला उत्तर म्हणून जनरल थॉमस यूइंग यांनी अकरावा हुकूम काढला आणि मिसुरीच्या सीमेवरचे तालुकेच्या तालुके ओस पाडले. घरे जळाली, बायकामुले रस्त्यावर आली. संघराज्याचे निष्ठावंत असलेले मिसुरीचे चित्रकार जॉर्ज कॅलेब बिंगहॅम यांनी आपल्याच बाजूच्या या अत्याचाराचे चित्र रंगवले. स्वपक्षाचा अन्याय बोलून दाखवणारी माणसे यादवीत फार थोडी असतात. म्हणून त्यांचे नाव आवर्जून घ्यावे.

या सर्व धुमाळीत सेंट लुईसच्या कैदखान्यात आणि लष्करी रुग्णालयात ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’च्या धर्मभगिनी रुग्णसेवा करीत होत्या. त्यांच्या खाटांवर कोणत्याही बाजूचा सैनिक चालत होता.

आता तिसऱ्या मिसुरीकराकडे वळू. तो व्हिक्सबर्गच्या स्मारकातील ४२ फुटांत नाही. १ जानेवारी १८६३ चा लिंकन यांचा मुक्तिजाहीरनामा मिसुरीला लागू नव्हता, कारण ते राज्य संघराज्यात टिकून होते. तेथल्या गुलामाला मुक्त होण्याचा एक मार्ग उरला, तो म्हणजे सैन्यात भरती होणे. व्हिक्सबर्ग पडल्यानंतर काही महिन्यांनी, डिसेंबर १८६३ मध्ये, कृष्णवर्णीयांची ‘पहिली मिसुरी’ उभी राहिली. पुढे तिला बासष्टावी कृष्णवर्णीय पायदळ पलटण असा क्रमांक मिळाला. मिसुरीतून असे आठ हजारांहून अधिक जण लढले. ज्यांना अक्षर शिकवणे राज्याच्या कायद्याने गुन्हा होता, ते छावणीत पाटीवर अक्षरे गिरवू लागले. मे १८६५ मध्ये टेक्ससमध्ये झालेल्या, त्या युद्धातील शेवटच्या समजल्या जाणाऱ्या लढाईत ही पलटण होती. आणि सेवामुक्त होताना या गरीब शिपायांनी आपल्या पगारातून सुमारे ५,००० डॉलर जमवले. पासष्टाव्या पलटणीने सुमारे १,४०० डॉलरांची भर घातली. त्या पैशांतून १८६६ मध्ये जेफरसन सिटी येथे शाळा सुरू झाली. आज ती लिंकन विद्यापीठ म्हणून उभी आहे. मिसुरीच्या सगळ्या पलटणींनी मागे ठेवलेल्या स्मारकांत हे सर्वांत जिवंत स्मारक होय.

युद्ध संपले, पण सूड संपला नाही. ११ जानेवारी १८६५ रोजी मिसुरीने गुलामगिरी रद्द केली, हे फार चांगले झाले. पण त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेत एक कठोर शपथ घातली गेली. शिक्षक, वकील, धर्मोपदेशक अशा सर्वांनी, आपण दक्षिणेला कधी मदत केली नाही, इतकेच नव्हे तर तिचा विजय व्हावा अशी इच्छाही कधी प्रकट केली नाही, असे शपथेवर सांगावे. अन्यथा आपला व्यवसाय सोडावा. शपथेविना प्रवचन करणे हा गुन्हा ठरला. एवढी वर्षे मौन पाळलेले आर्चबिशप केनरिक आता बोलले. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना ही शपथ न घेण्याविषयी कळवले. भाऊ, पुतण्या, शेजारी तिकडे लढत असताना त्याच्यासाठी हळहळलेल्या माणसाला सरकारने वेदीवरून खाली ओढावे, हे त्यांना मान्य नव्हते. लुइझियाना नावाच्या मिसुरीतीलच एका गावात फादर जॉन कमिंग्ज या तरुण धर्मगुरूने सप्टेंबर १८६५ मध्ये शपथ न घेता प्रवचन केले. त्यांना ५०० डॉलर दंड झाला. तो भरेपर्यंत तुरुंग. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १८६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती शपथ रद्दबातल झाली. खटल्याविना शिक्षा देता येत नाही आणि कृत्यानंतर केलेल्या कायद्याने माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे तत्त्व या निकालाने भक्कम झाले.

फादर बॅनन मात्र मिसुरीत परतले नाहीत. व्हिक्सबर्ग पडल्यावर दक्षिणेच्या सरकारने त्यांना आयर्लंडला पाठवले. आयरिश तरुणांनी उत्तरेच्या सैन्यात भरती होऊ नये म्हणून गावोगावच्या धर्मगुरूंना पत्रके धाडण्याचे काम त्यांनी केले. १८६४ मध्ये ते परमगुरुस्वामी नववे पायस यांनाही भेटले. पुढे ते येशूसंघात दाखल झाले आणि १९१३ मध्ये डब्लिन येथे देवाघरी गेले. मरणाऱ्या सैनिकाच्या कानाशी क्षमेचे शब्द बोलण्यासाठी गोळ्यांच्या वर्षावात शिरणारा हा माणूस थोर होता, यात शंका नाही. परंतु ज्या राज्यमंडळाची त्यांनी वकिली केली, ते माणसांना गुरांसारखे विकण्याच्या हक्कासाठी उभे होते, हेही विसरता येत नाही. त्यांचे आपल्या माणसांवर अपार प्रेम होते. ‘आपली माणसे’ या शब्दांत कोण कोण येते, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही.

उभय बाजूंचे सैनिक हळूहळू एकत्र आले. कॉक्रेल यांनी संयुक्त अमेरिकेच्या सेनेटमध्ये तीस वर्षे मिसुरीचे प्रतिनिधित्व केले. म्हाताऱ्या सैनिकांनी हस्तांदोलने केली, व्हिक्सबर्गचे स्मारक उभे राहिले. ही दिलजमाई खोटी नव्हती. पण ती दोन गोऱ्या भावांची होती. ज्याच्यासाठी आणि ज्याच्यावरून हे सारे रक्त सांडले, तो तिसरा भाऊ दाराबाहेरच उभा होता. आपल्या घरांतही असे घडते. दोन भावांमधला जमिनीचा वाद मिटतो, तोंडभरून साखर वाटली जाते. पण ज्या बहिणीचा हिस्सा गिळून दोघे भांडत होते, तिला कोणी विचारत नाही. क्षमा ही पापनिवेदनाच्या नंतर येते. आधी आपण काय केले ते उच्चारावे लागते.

सेंट लुईसमध्ये कॅल्व्हरी नावाची कॅथलिक दफनभूमी आहे. जनरल शर्मन तेथे आपल्या भाविक कॅथलिक पत्नीशेजारी चिरनिद्रा घेत आहेत. ज्यांच्या छावणीपासून हे सारे सुरू झाले, ते जनरल फ्रॉस्टही तेथेच आहेत. आणि फादर कमिंग्ज यांचा निकाल लागला त्याच १८६७ साली, नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या एका मुक्त गुलामाचे अवशेष दुसऱ्या दफनभूमीतून आणून तेथे पुरले गेले. त्याचे नाव ड्रेड स्कॉट. एका कॅथलिक सरन्यायाधीशाने ज्याला नागरिक मानले नाही, त्याला त्याच्या जुन्या मालकाच्या घराण्यातील एका कॅथलिक गृहस्थाने ही जागा मिळवून दिली. उत्तरेचा सेनापती, दक्षिणेचा सेनापती आणि तो, तिघेही आता एकाच मातीत, एकाच क्रुसाखाली, एकाच पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत. आपल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत आपणही एक दिवस अशाच कोणाच्या तरी शेजारी विसावणार आहोत. त्याच्याशी बोलायचे राहिले असेल, तर ते जिवंतपणीच बोलून घ्यावे.